चेक इंजिनचा दिवा, पी०४४६ आणि पी०४५१: टाकीचा प्रेशर सेन्सर बदलू का थांबू?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. गाडी २०१३ ची, अमेरिकन बनावटीची पेट्रोल सेडान, सेकंडहँड घेतलेली. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि पुसला तरी थोड्या दिवसांत परत येतो. माझ्या स्कॅनरवर दोन कोड दिसतात: पी०४४६, म्हणजे व्हेंटचा (टाकीत हवा ये-जा करायच्या वाटेचा) काहीतरी घोळ, आणि पी०४५१, म्हणजे पेट्रोल टाकीच्या प्रेशर सेन्सरचं रीडिंग पटत नाही.

गाडी चालायला एकदम ठीक आहे. ॲव्हरेज तेच, पिकअप तोच. त्रास फक्त पंपावर होतो. नॉझल लावला की दर दोन-चार सेकंदांनी टक करून बंद पडतो. शेवटी नॉझल अर्धवट दाबून धार बारीक ठेवावी लागते, तेव्हा कुठे टाकी भरते. मागे लायनीत उभा असलेला माणूस असा बघतो की विचारू नका.

मेकॅनिक म्हणाला सेन्सर गेलाय आणि "सोबत कॅनिस्टरही बदलून टाकू", म्हणजे पेट्रोलची वाफ धरणारा डबा. सेन्सर टाकीच्या डोक्यावर असल्याने टाकी उतरवावी लागणार. एकूण आकडा हजार डॉलरच्या वर. पुढच्या महिन्यात स्टेटचं इन्स्पेक्शन आहे आणि दिवा चालू असेल तर नापास करतात. तर प्रश्न दोन. सेन्सर बदलू का? आणि कोड पुसून त्याच दिवशी इन्स्पेक्शनला गेलो तर चालेल का?

नुसताच वाचक

आधी पेट्रोलचं झाकण बदला. पंधरा-वीस डॉलरचं काम. आमच्या ऑफिसात तिघांचे दिवे असेच गेले.

तिरपा पाना

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या सगळ्या तपासण्याही कोऱ्या होतात. इन्स्पेक्शनवाले नुसता दिवा बघत नाहीत, तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही कॉम्प्युटरला विचारतात. २००१ आणि त्यानंतरच्या गाडीत साधारणपणे एकच तपासणी अपुरी चालते. पुसून लगेच गेलात तर दिवा बंद असूनही परत पाठवतील.

आता सेन्सर. थांबा. नुसत्या कोडवरून सेन्सर बदलणं म्हणजे आजार रेड्याला, औषध पखालीला. पी०४५१ चा अर्थ "सेन्सर खराब आहे" असा नाही. "या क्षणी टाकीत इतकं प्रेशर असेल असं मला वाटत नव्हतं," एवढंच कॉम्प्युटर सांगतोय. सेन्सर खोटं बोलतोय किंवा टाकीत खरंच तसं प्रेशर आहे. दोन्हींत एकच कोड येतो.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचं नीट कळेल. टाकीतल्या पेट्रोलची वाफ सतत होत असते. ती हवेत सोडायची नाही, असा नियम कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून लावला आणि पुढच्याच वर्षी तो अख्ख्या अमेरिकेत आला. वाफ जाते कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये. ॲक्टिव्हेटेड कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाच्या व्हॅक्यूमने ती वाफ ओढली जाते आणि जळते. जेवढी वाफ ओढली तेवढी ताजी हवा डब्यात यायला पाहिजे. ती येते व्हेंट व्हॉल्व्हमधून. पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो, व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा. हे दोन पाठ करून ठेवा, अर्धं निदान त्यातच आहे.

गळती तपासायची असली की कॉम्प्युटर व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत थोडा व्हॅक्यूम तयार करतो, मग पर्जही बंद करून तो टिकतो का हे प्रेशर सेन्सरवर बघतो. व्हॅक्यूम तयारच झाला नाही तर पी०४५५, मोठी गळती. हळू उतरला तर पी०४४२, साधारण एक मिलिमीटरच्या भोकाएवढी. अर्ध्या मिलिमीटरची असेल तर पी०४५६.

यातली मापं फार लहान असतात, म्हणून ती इंच पाण्यात मोजतात. एक पीएसआय (टायरची हवा ज्यात मोजतात ते माप) म्हणजे सुमारे २७.७ इंच पाणी. उसाचा रस स्ट्रॉमधून चार इंच वर चढवायला जेवढं ओढावं लागतं तेवढ्या व्हॅक्यूमवर ही तपासणी चालते.

तर आता करायचं हे. गाडी थंड, इंजिन बंद, इग्निशन ऑन, पेट्रोलचं झाकण काढलेलं. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये टाकीचं प्रेशर बघा. झाकण उघडं म्हणजे आत-बाहेर सारखंच, म्हणून शून्याच्या आसपास यायला हवं. व्होल्टेज दिसत असेल तर जीएमच्या (जनरल मोटर्स) गाड्यांत शून्याला साधारण १.५ व्होल्ट असतो आणि व्हॅक्यूम वाढला की व्होल्टेज वाढतं. फोर्डमध्ये शून्याला साधारण २.६ आणि दिशा उलटी, प्रेशर वाढलं की व्होल्टेज वाढतं. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका, चांगला सेन्सर फुकट फेकला जातो.

झाकण काढूनही रीडिंग शून्यापासून लांब असेल तर आधी कनेक्टर आणि वायर, मग सेन्सर. शून्य असेल तर गाडी अर्धा तास चालवा आणि आयडलवर, म्हणजे गाडी उभी पण इंजिन चालू, ठेवून परत वाचा. दोन्ही आकडे इथे लिहा.

आणि वाचकसाहेब, झाकण ढिलं असेल तर पी०४५५ किंवा पी०४५७ येईल. नॉझल टकटक करणार नाही.

कोथरूडचा बाजीराव

वाचतोय. थोडं विषयांतर करतो, चालेल ना? माझी २०२१ ची हॅचबॅक, बीएस-६. टाकी फुल्ल केली की दोन दिवस मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. सर्व्हिस सेंटरने स्कॅन केलं, म्हणाले एकही कोड नाही, गाडी ओके. बायको म्हणते नाकावर विश्वास ठेव. मी कुणावर ठेवू?

गॅरेजवाला सांगली

बाजीराव, वहिनींवर ठेवा. तुमच्या गाडीत कोड येणारच नाही, कारण बघणाराच नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत टाकीला प्रेशर सेन्सर नसतो, कॅनिस्टरला बंद होणारा व्हेंट व्हॉल्व्हही नसतो. डबा, पर्ज व्हॉल्व्ह आणि पाइप, बास. आपला नियम युरोपच्या वळणाचा. पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली, शॉर्ट झाली तर पी०४४४, पी०४४५ असे कोड येतात. पाइपला बोटभर चीर गेली तरी कॉम्प्युटर गप्पच.

मला एक सांगा, पंपावर ऑटो कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणता का?

कोथरूडचा बाजीराव

म्हणतो. सगळेच म्हणतात. पंपावरचा पोरगाच विचारतो, "साहेब, राउंड करू?"

गॅरेजवाला सांगली

तिथंच घोळ आहे बघा. कट झाला म्हणजे वर वाफेसाठी ठेवलेली जागा उरली, तेवढीच. ती पेट्रोलने भरली की पेट्रोल वाफेच्या लाइनीतून थेट डब्यात उतरतं. कोळसा वाफ धरायला असतो. पेट्रोलमध्ये भिजला की काही धरत नाही आणि त्याचे दाणेही फुटतात. मग ती काळी भुकटी पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडाच राहतो. अशी गाडी पेट्रोल भरल्या भरल्या स्टार्टला त्रास देते, दोन-तीन सेल मारावे लागतात, आयडलला थरथरते. गिऱ्हाईक म्हणतं "त्या पंपाचं पेट्रोल भेसळीचं". पंपाचा काय संबंध!

व्हॉल्व्ह तपासायला मशीन लागत नाही. गाडी थंड असताना स्टार्ट करा, पर्ज व्हॉल्व्हची डब्याकडची नळी काढा, व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. थंड आयडलला तिथं ओढ लागता कामा नये. बोट चिकटलं तर व्हॉल्व्ह गेला. बदलायला पाच मिनिटं.

वासासाठी दुसरी जागा म्हणजे मागची सीट उचला. बऱ्याच गाड्यांत खाली पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली पंपाची प्लेट आणि तिची रबरी रिंग. पंप कधी काढून बसवला असेल आणि जुनीच रिंग घातली असेल तर टाकी फुल्ल झाल्यावर तिथून दरवळतं. आणि उंदीर! सांगलीत पावसाळ्यात आठवड्याला एक तरी गाडी उंदराने कुरतडलेली येते. वाफेची नळी त्यांना फार आवडते.

एडिसनकर

आकडे आणलेत. झाकण काढून, इंजिन बंद: १.५२ व्होल्ट, स्कॅनर शून्य दाखवतोय. अर्धा तास चालवून आयडलवर: उणे ११ इंच. झाकण फिरवलं तर फुस्स आवाज आला, हवा आत ओढली गेली आणि रीडिंग डोळ्यांदेखत शून्यावर आलं. झाकण लावून परत चालवली तर परत उणे.

तिरपा पाना

वा! सेन्सरला सोडा आता. झाकण उघडताच तो बरोबर शून्यावर आला म्हणजे जे होतं तेच सांगत होता. टाकीत खरोखर ११ इंचांचा व्हॅक्यूम साचतोय.

याच आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. मोठी गळती असती तर एवढा व्हॅक्यूम साचलाच नसता. म्हणजे झाकण, भरण्याचा पाइप, टाकीवरच्या रिंगा यांपैकी कशाचीही शंका घ्यायचं कारण नाही. पर्ज व्हॉल्व्ह वाफ ओढतोय आणि तिच्या जागी ताजी हवा येत नाहीये. व्हेंटची वाट बंद आहे.

पंपावरची टकटकही इथेच येऊन मिळते. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने नियम आला की पेट्रोल भरताना टाकीतून जी वाफ बाहेर ढकलली जाते तीही कॅनिस्टरनेच पकडायची. म्हणून इथल्या गाड्यांचा डबा मोठा आणि भरताना टाकीतली हवा त्या डब्यातून, व्हेंटमधून बाहेर पडते. व्हेंट तुंबला की हवेला जायला जागा नाही, पेट्रोल नळीत परत वर येतं आणि नॉझल बंद पडतो. भारतातल्या गाडीत भरतानाची वाफ बहुतेक तोंडातूनच बाहेर येते. म्हणून पंपावर उभं राहिलं की तो वास येतो.

आता तुंबलंय कुठे, डब्यात की डब्याच्या पलीकडे? कॅनिस्टरला तीन नळ्या असतात: एक टाकीकडून, एक पर्जकडे जाणारी, एक व्हेंटकडची. व्हेंटकडची नळी डब्यापासून सोडवा आणि गाडी सुरू करून परत रीडिंग बघा. व्हॅक्यूम साचणं थांबलं तर दोष व्हेंट व्हॉल्व्हचा किंवा त्याच्या फिल्टरचा. तरीही साचला तर डबा किंवा टाकी ते डबा ही लाइन. हे काम उघड्यावर करा, गॅरेजचं दार बंद करून नको, आणि आसपास हीटर, सिगरेट काही नको. गाडी जॅकवर घेतली तर खाली स्टँड लावल्याशिवाय जाऊ नका.

मेकॅनिकने व्हेंट व्हॉल्व्ह स्कॅनरने वाजवून दाखवला असेल, तर तो टक आवाज फसवा असतो. आवाज आला म्हणजे कॉइल आणि वायर ठीक. आतून हवा जाते की नाही ते वेगळं बघावं लागतं.

मंजिरी फ्रिमाँट

व्हेंटवरून आठवलं. २०११ मध्ये माझ्दाने साधारण ६५ हजार माझ्दा-६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण होतं कोळी! पिवळा सॅक स्पायडर म्हणतात त्याला. पेट्रोलच्या वासाकडे ओढला जाऊन तो व्हेंटच्या नळीत जाळं विणायचा. वाट बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम साचायचा आणि टाकीला चीर जाण्याची भीती होती. २०१४ मध्ये त्याच कारणाने आणखी ४२ हजार बोलावल्या. तेव्हा एडिसनकर, आत कुणी राहायला आलंय का ते बघा.

माझा एक प्रश्न. आमची टोयोटा रात्री गॅरेजमध्ये उभी असताना मागून बारीक घरघर आवाज येतो. किल्ली काढून कित्येक तास झालेले असतात. सासूबाई आल्यात, त्यांनी दोन रात्री गॅरेजच्या दारात उदबत्ती लावली.

तिरपा पाना

मंजिरीताई, उदबत्ती गाडीपासून लांब लावायला सांगा. :)

तो आवाज गळती तपासणीचाच आहे. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत कॅनिस्टरजवळ छोटा व्हॅक्यूम पंप असतो. गाडी बंद केल्यावर साधारण पाच तासांनी कॉम्प्युटर स्वतः जागा होतो, पंप आधी अर्ध्या मिलिमीटरच्या ठरावीक छिद्रातून हवा ओढून माप घेतो, मग टाकी ओढून दोन्ही मापं ताडून बघतो. इंजिन अजून गरम असेल तर सात तासांनी, तरीही असेल तर साडेनऊ तासांनी. थोडा वेळ चालून आपोआप थांबतो.

जीएम आणि फोर्डच्या बऱ्याच गाड्या पंपही वापरत नाहीत. गाडी बंद झाल्यावर टाकी तापते-थंड होते, त्यातून आपोआप जे प्रेशर आणि व्हॅक्यूम तयार होतात तेच मोजतात. क्रायस्लरने तर बरीच वर्षं सेन्सरऐवजी साधा स्विच ठेवला. थंड होताना एक इंच व्हॅक्यूम झाला आणि स्विच बंद झाला की पास. म्हणून टाकीचं प्रेशर लाइव्ह डेटामध्ये सापडलं नाही तर आधी बघा, तुमच्या गाडीत तो सेन्सर आहे तरी का.

नुसताच वाचक

मग ते उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होतो, असं व्हॉट्सॲपवर फिरतं त्यात किती तथ्य?

गॅरेजवाला सांगली

शून्य. इंडियन ऑइलने स्वतः खुलासा केलाय की कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला उन्हाळा-हिवाळा काही अडचण नाही. ती मर्यादा म्हणजे पहिला ऑटो कट. त्यावरचं राउंड फिगर तुमच्या जोखमीवर, आणि त्यातही स्फोट नाही, खिशाला भोक.

खरी भीती दुसरी आहे. काही जण तुंबलेली नळी साफ करायला टाकीच्या बाजूने कंप्रेसरची हवा मारतात. नका मारू. हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली की ठिणगी पुरते, आणि कंप्रेसरच्या प्रेशरला ही प्लॅस्टिकची नळकांडी टिकत नाहीत.

तिरपा पाना

शंभर टक्के. गळती शोधायच्या स्मोक मशीनमध्येही (नळ्यांत धूर सोडतात, गळती असेल तिथून तो बाहेर येतो) प्रेशर अर्ध्या पीएसआयच्या आसपासच ठेवतात आणि चांगल्या गॅरेजमध्ये हवेऐवजी नायट्रोजन वापरतात. पी०४५५ किंवा पी०४४२ असेल तर स्मोक टेस्टला पर्याय नाही. मात्र धूर सोडण्याआधी व्हेंट बंद करायचा विसरलात तर तिथूनच ढग निघतो आणि "सापडली गळती" म्हणून चांगला व्हॉल्व्ह बदलला जातो. थंडीत रस्त्यावर मीठ पडतं त्या राज्यांत आधी पेट्रोल भरायच्या पाइपाचं तोंड बघा, झाकणाच्या कडेखाली गंज खातो. नवीन झाकणही अशा तोंडावर बसत नाही.

एडिसनकर

नळी सोडवली, व्हॅक्यूम साचणं थांबलं. उणे अर्ध्या इंचाच्या खाली गेलंच नाही. व्हेंट व्हॉल्व्ह मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला आहे. काढला तर जाळीवर चिखल सुकून पापुद्रा झालेला आणि आत पांढरं लोकरीसारखं काहीतरी. मंजिरीताई, तुमचा भाडेकरू निघाला, फक्त घर रिकामं होतं. तोंडाने फुंकून बघितलं, गाल फुगले पण हवा जाईना.

नवीन व्हॉल्व्ह पन्नास डॉलरच्या आत मिळाला. बसवल्यावर अर्धा तास चालवून आयडलवर उणे ०.३. पंपावर एका दमात टाकी भरली. मेकॅनिकला फोन करून सांगितलं, तो म्हणाला "कधीकधी तसंही असतं".

आता कोड पुसलेत. तपासणी पूर्ण व्हायला काय करू?

तिरपा पाना

टाकी पूर्ण भरलीत ना? मग थोडी रिकामी होऊ द्या. गळतीची तपासणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांमध्ये असतानाच चालते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते, रिकामीत वाफ इतकी असते की माप चुकतं. नेमकी मर्यादा कंपनीनुसार थोडी बदलते. मग गाडी रात्रभर उभी ठेवा, म्हणजे इंजिनाचं पाणी आणि बाहेरची हवा यांचं तापमान जवळ येईल. बाहेर कडाक्याची थंडी किंवा फार उकाडा असेल तर कॉम्प्युटर तपासणी टाळतो. सकाळी स्टार्ट करून थोडं गावात, थोडं हायवेला एका स्पीडने. मध्ये पेट्रोल भरू नका आणि इंजिन चालू ठेवून झाकण तर उघडूच नका.

ही एकच तपासणी राहिली आणि बाकी सगळ्या पूर्ण झाल्या तर २०१३ च्या गाडीला इन्स्पेक्शनमध्ये अडचण नाही. कॅलिफोर्नियातही २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना ही एकच अपुरी चालते. पण दिवा परत लागला तर उपयोग नाही, म्हणून होऊ द्याच पूर्ण.

कोथरूडचा बाजीराव

माझा अपडेट. राउंड फिगर बंद केलं, वास बराच कमी झाला पण गेला नाही. मग सीट उचलली. पंपाची रिंग एका बाजूला दुमडून बसवलेली. आधीच्या मालकाने पंप बदलला होता असं दिसतंय. नवीन रिंग टाकली. ई-२० मुळे पण वाफ वाढते का हो?

तिरपा पाना

इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा बाष्पदाब थोडा वाढतो. पण ही वाढ दहा टक्क्यांच्या आसपास सर्वात जास्त असते, पुढे प्रमाण वाढवलं तर तशी वाढत जात नाही. तेव्हा वासाचं खापर ई-२० वर फोडू नका. जुन्या गाडीत रबराच्या नळ्या आणि रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. नवीन रिंग त्याच मालाची घेतलीत ना?

कोथरूडचा बाजीराव

ओरिजिनल पार्टच घेतला, बॉक्सवर नंबर जुळवून.

एडिसनकर

तपासणी पूर्ण, दिवा नाही, इन्स्पेक्शन पास, स्टिकर लागला. सगळ्यांचे आभार. वर्षातून एकदा ती जाळी ब्रशने झाडली तर चालेल का, की व्हॉल्व्हच बदलत राहायचा?

तिरपा पाना

ब्रश चालेल, कोरडा. पाण्याचा फवारा मारू नका, पाणी आत डब्यात जातं. आणि तो व्हॉल्व्ह चाकाच्या चिखलात बसवलेला असेल तर नळीचा तुकडा जोडून वर, बंपरच्या आतल्या बाजूला घेता येतो का बघा. काही मॉडेल्ससाठी कंपनीनेच तशी जागा बदलून देणारं किट काढलेलं असतं, पार्ट्सच्या काउंटरवर गाडीचा चॅसिस नंबर देऊन विचारा.